लोणी नको, दूध नको, वरचा पावही नको

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. घाटकोपरहून साकीनाका, मरोळ करत अंधेरीला जाणाऱ्या बसवर मी कंडक्टर आहे. नाव मधुकर परब. माझ्या मोठ्या आतड्याला आजार आहे. ‘होता’ असं लिहिणार होतो, पण आमच्या डॉक्टर मॅडमनी बजावलंय की ‘आहे’ असंच म्हणायचं, म्हणजे गोळ्या वेळेवर घेतल्या जातात.

ज्यांना हा आजार नुकताच कळलाय आणि ज्यांचे नातेवाईक रोज नवा इलाज घेऊन दारात उभे राहतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ज्यांना मला आणखी एखादा इलाज सुचवायचाय त्यांनी इथेच थांबावं. माझ्याकडे इलाज पोत्याने पडलेत.

घंटा

कित्येक महिने मी मूळव्याध समजून चाललो होतो. रक्त पडतंय म्हणजे मूळव्याध, दुसरं काय? डेपोतल्या प्रत्येकाला मूळव्याधीचं एक तरी औषध माहीत होतं आणि ती सगळी मी घेतली. शैलाला, म्हणजे बायकोला, काही सांगितलं नाही. वजन उतरत गेलं तेव्हा ती म्हणाली, “बाहेरचं अबरचबर खातोस ना, भोग आता.”

कंडक्टरच्या पोटाला दोनच वेळा जायची मुभा असते, ड्युटीआधी आणि ड्युटीनंतर. माझं पोट दर अर्ध्या तासाने हाक मारायला लागलं. शेवटच्या स्टॉपवर धावत जायचं, परत येताना पुढचा शेवटचा स्टॉप कधी येतोय ते मोजायचं. पाणी प्यायचं नाही, चहा प्यायचा नाही. हे असं किती दिवस चालणार?

एके दिवशी दुपारी साकीनाक्याला बस अडकली. पुढे ट्रक, मागे टेम्पो, बाजूला हातगाडी. पोटात अशी कळ आली की घाम सुटला. मी घंटा मारून बस थांबवली. बस आधीच थांबलेली होती, पण सवय. तिकिटांची पेटी आणि पैशांची पिशवी ड्रायव्हर जाधवच्या मांडीवर टाकली आणि उतरून पळालो. एका वर्कशॉपमध्ये घुसलो, कोणाला न विचारता मागचा संडास शोधला. बाहेरून माझीच बस हॉर्न मारत होती आणि पॅसेंजर ओरडत होते, “अरे कंडक्टर कुठे मेला?”

मेला नव्हता. पण समोर एवढं रक्त बघून मेल्यासारखाच झाला होता. उठायला गेलो आणि भिंत हातातून सुटली.

जाधव मला शोधत आला. त्याने मला खांद्यावर टाकून बाहेर काढलं तेव्हा एक बाई खिडकीतून म्हणाली, “दिवसाढवळ्या पिऊन येतात.” जाधव तिला काय म्हणाला ते इथे लिहिता येणार नाही. त्या एका वाक्यासाठी मी त्याचा जन्मभर ऋणी आहे.

नाव कळलं तो दिवस

मोठ्या हॉस्पिटलात नळी घालून तपासलं. त्याबद्दल एवढंच सांगतो की लाज पहिल्या मिनिटाला संपते. पुढे फक्त कधी आटपतंय याची वाट बघायची.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, बोलायला सरळ. शैला आणि माझी आई कॉटपाशी उभ्या होत्या. मॅडम म्हणाल्या, “मूळव्याध नाही. मोठ्या आतड्याला आतून सूज आहे, जखमा आहेत. गोळ्यांनी जखमा भरतील. पण हा आजार जातो आणि परत येतो.”

“कशामुळे झाला?” शैलाने विचारलं.

“माहीत नाही.”

“म्हणजे याने काय खाल्लं म्हणून?”

“माहीत नाही. मलाच नाही, कोणालाच अजून नीट माहीत नाही.”

आईला हे पटेना. डॉक्टरला माहीत नाही म्हणजे काय? मालवणहून येऊन पन्नास वर्षं मुंबईत राहिली तरी तिची बोली सुटलेली नाही. ती मला हळूच म्हणाली, “दुसरो डॉक्टर बघूया.”

मग मॅडमनी पथ्य सांगितलं. दूध बंद, दुधाचं सगळं बंद. अंडं, मासे, मटण सध्या बंद. तळलेलं, तिखट बंद. पालेभाजी, भाकरी, सालं, बिया बंद. “प्रत्येकाला हे एवढं लागतंच असं नाही,” त्या म्हणाल्या, “पण तुमचं आतडं आत्ता चिडलेलं आहे. त्याला विश्रांती देऊ, मग एकेक करून परत आणू.”

“मासे बंद?” आईने कपाळाला हात लावला. “मगे ह्यो खातलो काय?”

“भात. मुगाच्या डाळीचं पाणी. उकडलेला बटाटा. भाजलेला पांढरा ब्रेड.”

“लोणी लावून?” मी आशेने विचारलं.

“लोणी कशाचं असतं, परब?”

आणि जाता जाता, अगदी सहज, त्या म्हणाल्या की गोळ्या लागू पडल्या नाहीत तर ऑपरेशन करून मोठं आतडं काढावं लागतं. आई तेव्हा माशांच्या दुःखात होती, तिने ऐकलं नाही. शैलाने ऐकलं. तिने माझ्या पायावरची चादर नीट केली, जी आधीच नीट होती.

वॉर्डातला नाश्ता

हॉस्पिटलात पहाटे झाडूवाला कॉटच्या पायावर झाडू आपटून सगळ्यांना उठवतो. मग ताप बघणारी नर्स, मग सुई, मग नाश्ता. नाश्ता म्हणजे एक उकडलेलं अंडं, एक ग्लास दूध आणि दोन स्लाइस ब्रेड. सगळ्या वॉर्डाला तेच. माझ्या कॉटवर ‘दूध-अंडं नाही’ अशी पाटी लावली होती, म्हणून वाढणारा वॉर्डबॉय रोज पाटी वाचायचा, मान हलवायचा आणि अंडं-दूध ठेवून जायचा.

“अहो, मला चालत नाही.”

“ठेवलंय, नको तर खाऊ नका.”

उरले दोन स्लाइस. कोरडे. त्यात माझ्या तोंडात फोड आलेले. हा आजार पोटातून तोंडापर्यंत कसा चढतो कोण जाणे, पण जबडा पुरता उघडत नव्हता. दोन स्लाइस एकावर एक ठेवून चावणं अशक्य. एकेक तुकडा पाण्यात बुडवून गिळायचो आणि डोळ्यांत पाणी यायचं. अर्धं दुखण्याने, अर्धं चिडीने.

शेजारच्या कॉटवर फ्रान्सिस होता, मरोळच्या जुन्या गावठाणातला. पाय मोडून पडला होता, बाकी धडधाकट. त्याला भूक अशी लागायची की हॉस्पिटलचं जेवण त्याच्या दाताला पुरत नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो म्हणाला, “परब, ते अंडं तुझ्याकडे बघतंय रोज. मला दे.”

“घे. दूधपण घे.”

“आणि तू काय तो पाव नागडाच खाणार?”

त्याची बायको बर्था डब्यात उकडलेला बटाटा आणायची. फ्रान्सिसने आपला बटाटा चमच्याने ठेचला, मीठ घातलं, माझ्या एका स्लाइसवर जाड थर दिला आणि वरचा स्लाइस स्वतःच्या तोंडात टाकला. “वरचा तुला जड होतो ना? झालं तर मग. खालचा तुझा, वरचा माझा.”

मी तो एकमजली पाव खाल्ला. ओल्या बटाट्याने घास सरकला. तोंड जेमतेम उघडलं तरी आत गेला. त्या दिवसापासून रोज अंडं तिकडे आणि बटाटा इकडे. बर्थाला कळलं तेव्हा ती दोन बटाटे जास्त आणायला लागली, जिरं घालून. मला बघायला आलेल्या माझ्या सख्ख्या मावसभावाने पेढे आणले होते.

ताक

घरी आलो आणि खरा आजार सुरू झाला. लोकांचा.

आमची चाळ घाटकोपरला, टेकडीच्या पायथ्याशी. संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्यांचे मिळून. सकाळी बादल्यांची रांग लागते. पोटाचा असा आजार घेऊन चाळीत राहायचं म्हणजे सगळ्या मजल्याला तुमच्या पोटाचा हिशोब माहीत. कदमवहिनी दारातून विचारायच्या, “आज कितव्यांदा हो भावजी?” त्यांच्या मनात माया होती, हे मला माहीत होतं. तरी त्यांच्यावर बादली ओतावीशी वाटायची.

आणि ताक! ज्या माणसाने ताक शोधून काढलं तो मला भेटला पाहिजे. येणारा प्रत्येकजण म्हणायचा, “दूध बंद ना? मग ताक घे. ताक म्हणजे पोटाला अमृत.” मी सांगायचो, ताक दुधाचंच होतं. “छे, दूध वेगळं, ताक वेगळं.” तूपही दुधाचं नसतं, कारण ते औषध असतं. पेढाही दुधाचा नसतो, कारण तो प्रसाद असतो. एका गृहस्थांनी तर मला समजावलं की चहातलं दूध दुधात धरत नाहीत.

“माळ घातलीस काय रे?” डेपोतला एकजण म्हणाला. समोरच्या शहाभाभी कौतुकाने म्हणाल्या, “जैन झालात!” पण माळकरी दूध पितो, आणि शहाभाभींच्या घरी बटाटा चालत नाही तरी खाखऱ्यावर तूप असतंच. दूधही नाही, मासेही नाहीत आणि बटाटा मात्र रोज, असला प्राणी कोणत्याच पंथात बसत नव्हता.

गोळ्यांनी माझं तोंड पुरीसारखं फुगलं. पाय काटक्या, गाल टमटमीत. लोक म्हणायचे, “वा, तब्येत सुधारली!” मी उत्तर देणं सोडून दिलं.

घरातही काही खरं नव्हतं. आईने मासे आणणंच बंद केलं. “घरात एक माणूस कोरडो पाव चावता, आणि आमी बांगडो खावचो?” ती असं म्हणून सगळ्यांना मुगाचं वरण वाढायची आणि स्वतः अर्धंच जेवून उठायची. माझी मुलगी वैशू तेव्हा सातवीत. ती एकदा ताट बाजूला सारून म्हणाली, “बाबांना झालंय ना? मग आम्हाला का?”

शैलाने तिला चापट मारली. मी शैलावर ओरडलो. आई माझ्यावर ओरडली. मग पोटात कळ आली आणि मी बादली घेऊन गॅलरीत पळालो. परत आलो तेव्हा वैशूचं ताट तसंच पडलेलं होतं.

मी म्हणालो, “आई, उद्या बांगडे आण. तळ. मला वास आला तर येऊ दे. पण हे सुतक बंद कर.”

दुसऱ्या दिवशी तिने बांगडे तळले. मी भिंतीकडे तोंड करून झोपलो होतो. त्या वासाने जीव कासावीस झाला, खोटं कशाला बोलू? पण वैशू खूप दिवसांनी पोटभर जेवली, आणि काटे काढताना ती आजीला शाळेतलं काहीतरी सांगून हसवत होती. ते ऐकायला बरं वाटलं.

पावावर काय लावायचं

शैला साकीनाक्याला एका युनिटमध्ये कॉइल गुंडाळायच्या कामाला जायची. सकाळी घर सोडायची. आई बाजारात आणि शेजारणींत. म्हणजे दिवसभरात मधली दोन-तीन खाणी माझी मलाच करायची. मी आयुष्यात चहापलीकडे काही केलं नव्हतं.

आधी स्टेशनजवळच्या सँडविचवाल्याकडे गेलो. म्हटलं, “लोणी नको, चटणी नको, कांदा नको, वरचा स्लाइस नको.” तो म्हणाला, “मग सँडविच कशाला पाहिजे?” तरी त्याने केलं. पण सुरी त्याच लोण्याच्या डब्यातून काढून त्याच सुरीने बटाटा कापला. मी बघत होतो. तिथून तसाच परत आलो. बेकरीत विचारलं, ब्रेडमध्ये दूध घालता का? तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही मी त्याला पावात सोनं घालता का असं विचारलंय. म्हणजे दूध घालत नव्हता, एवढं तरी चांगलं झालं.

मग घरी. पहिला स्लाइस तव्यावर काळा केला. दुसरा बाहेरून काळा, आतून ओला. तेल-तुपाशिवाय पाव भाजायचा तर तवा मंद पाहिजे, वर वाटी ठेवून दाबायचं, आणि स्टोव्हपासून हलायचं नाही. हलायचं नाही हे माझ्या पोटाला कोण सांगणार? पोटाने बोलावलं की स्टोव्ह बंद करून जायचं, येऊन पुन्हा पंप मारायचा. एकेका पावाला मी तीन-तीनदा स्टोव्ह पेटवलाय.

वर काय लावायचं हे त्याहून अवघड. नुसता बटाटा टाळूला चिकटतो. दुधी उकडून लावला तर पाव भिजून हातातच मोडतो. मुगाची डाळ पातळ झाली की कोपरापर्यंत ओघळते. एकदा वैतागून सगळं भांडं मोरीत ओतलं आणि रडत बसलो. चाळीस वर्षांचा बाप्या, स्लाइस ब्रेडसाठी रडतोय.

शेवटी जमलं ते असं. सोललेली मूगडाळ कमी पाण्यात घट्ट शिजवायची, बोट ओढलं तर रेघ राहिली पाहिजे. त्यात निम्मा बटाटा ठेचायचा. मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. कोथिंबीर वाटून फडक्यातून पिळायची आणि फक्त तो हिरवा रस घालायचा, पानांचा चोथा पोटाला नको. आणि एक चमचा नारळाचं घट्ट दूध. हे मॅडमना विचारून घेतलं होतं. दूध शब्द ऐकून त्या दचकल्या, नारळाचं म्हटल्यावर हसल्या. “एक चमचा. वाटी नाही.” लोणी जे काम करतं ते नारळाचं दूध करतं, घास सरकवतं. पावाच्या कडा कापायच्या, गरम पावावर गरम लगदा थापायचा आणि लगेच खायचं. पाच मिनिटं ठेवलं तर परत चिखल. वर दुसरा पाव ठेवायचा नाही. ठेवला तर तोंड उघडावं लागतं.

शैलाने घरी आल्यावर एक खाऊन बघितलं. “मिरची पाहिजे,” म्हणाली. मी तिच्याकडे नुसतं बघितलं. “पण चांगलं आहे रे,” ती घाईघाईने म्हणाली, आणि दुसरं मागितलं. तिने मुद्दाम मागितलं असेल. तरी मी केलं.

बीट

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, माझ्यावर उपकार करायचे असतील तर.

रोज तेच खाऊन कंटाळलो म्हणून एक दिवस उकडलेल्या बिटाच्या पातळ चकत्या वर लावल्या. लालभडक, देखणं दिसत होतं. खूप दिवसांनी खाण्याकडे बघून बरं वाटलं. दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी संडासात खाली बघितलं. लाल. महिनाभर जे थांबलं होतं ते परत. मी शैलाला हाक मारली. तिने कामावर जायचं रद्द केलं. आई देवासमोर बसली. रिक्षा करून आम्ही हॉस्पिटलात, रस्ताभर शैलाने माझा हात धरलेला, आणि मी मनात ऑपरेशनपर्यंत पोचलेला.

मॅडमनी पोट दाबून बघितलं. “दुखतंय?”

“नाही.”

“चक्कर?”

“नाही.”

“काल काय खाल्लंत?”

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. “परब, बीट खाल्ल्यावर लालच होतं. सगळ्यांचं होतं.”

शैलाने माझा हात सोडला. हॉस्पिटलच्या गेटबाहेर येईपर्यंत ती माझ्यापुढे भराभर चालत होती. मग फुटपाथवर उभी राहून इतकी हसली की पदर तोंडात धरावा लागला. मला हसू येईना, पण तिला तसं बघून शेवटी आलंच.

परत

म्हणूनच काही आठवड्यांनी खरं रक्त आलं तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही. “बीट खाल्लं असशील,” शैला म्हणाली. खाल्लं नव्हतं. संध्याकाळपर्यंत ताप चढला, पोट फुगलं, आणि मी पुन्हा वॉर्डात.

सगळं पाळलं होतं. एक घोट चहासुद्धा दुधाचा नाही. संतापाने मी मॅडमना विचारलं, “मग पाळून काय उपयोग झाला?”

त्या बोलायच्या आधी कॉटच्या दुसऱ्या बाजूने आई बोलली. “माझ्यामुळा झाला ह्या सगळा.” तिचा आवाज फाटला होता. “तुझ्या बटाट्यात रोज एक चमचो तूप घातलंय मी. तुझ्या अंगात ताकद येवची म्हणान.”

शैलाचा चेहरा बदलला. गेले कित्येक महिने गिळलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं. “आई, तुम्हाला किती वेळा सांगितलं! मारायचंय का त्याला?” सगळा वॉर्ड ऐकत होता. आई भिंतीला टेकून खाली बसली.

मॅडम म्हणाल्या, “थांबा दोघी. तुपाने हे होत नाही. एका चमच्याने तर नाहीच. फार तर पोट बिघडलं असतं. हा आजार परत येतो, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. कोणामुळेही नाही. असाच.”

तुम्हाला वाटेल, हे ऐकून सुटल्यासारखं झालं असेल. नाही. कोणाचातरी दोष असता तर निदान कोणावर तरी ओरडता आलं असतं. मी छताकडे बघत पडलो. आई तर आजही मानत नाही. “डॉक्टरणीक काय कळता,” म्हणते, आणि त्या दिवसापासून माझ्या भांड्याला हात लावायच्या आधी साबणाने हात धुते.

सर्जन आले. त्यांनी माझ्या पोटावर पेनाने एक छोटं वर्तुळ काढलं. आतडं काढलं तर इथे तोंड करायचं, त्याला पिशवी लावायची, कायमची. म्हणाले, माणसं असं उत्तम जगतात, कामं करतात. खरं असेल. पुढे मी अशी माणसं पाहिलीही, आणि ज्यांना ते करावं लागलंय त्यांनी घाबरू नये. पण तेव्हा मला एवढंच सुचलं, “डॉक्टर, एक पिशवी खांद्याला आहे, दुसरी पोटाला. सुट्टे कुठल्या पिशवीतून देऊ?” ते हसले नाहीत. शैला हसली आणि लगेच तोंड वळवून रडायला लागली.

सुया चालू होत्या. काही दिवस बघू, मग ठरवू, असं ठरलं. खाणं पूर्ण बंद, नुसती सलाइन. ज्या पावाने मला वैताग आणला होता त्याचीच स्वप्नं पडायची. आई रोज येऊन कॉटच्या पायथ्याशी बसायची. एकदा मी तिचा हात ओढून पोटावरच्या वर्तुळावर ठेवला. म्हटलं, “बघ, पेनाचं आहे. पुसलं जातं.” तिने लगेच पदर ओला करून पुसायला सुरुवात केली. नर्स ओरडली.

मग एका सकाळी ताप नव्हता. दुसऱ्या सकाळीही नव्हता. रक्त कमी होत गेलं. सर्जन राउंडला आले, माझ्या कॉटपाशी थांबले, कागद बघितले आणि माझ्याशी न बोलता पुढच्या कॉटकडे गेले. एखाद्या मोठ्या माणसाने आपल्याला न विचारता पुढे जावं, यात एवढा आनंद असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आता

दूध परत आलंय, थोडंसं, चहापुरतं. मासे आलेत. पहिला बांगडा आईने उकडून दिला, तिखला, म्हणजे आमचं माशाचं तिखट कालवण, वगैरे काही नाही, आणि मी खाईपर्यंत काट्याकडे पोलिसासारखी बघत होती. कामावर मला डेपोत बसवलंय, कॅश मोजायला. दहा पावलांवर संडास आहे. बसवर परत जायचंय, मॅडम म्हणतात बघू.

आजार परत येईल का? येईल बहुधा. कधी, ते मला विचारू नका, मीच कंटाळलोय विचारून.

गेल्या महिन्यात मुलुंडहून एक बाई आल्या होत्या, मुलीला घेऊन. जाधवच्या ओळखीतल्या. मुलीचं नाव ज्योती, कॉलेजात पहिल्या वर्षाला. तिला हाच आजार नुकताच कळलेला. तिची आई रडत होती. मुलगी रडत नव्हती, ती भयंकर वैतागली होती. मला ती बघताक्षणीच आवडली.

“काका, माझी आत्या म्हणते मी मनात कुढते म्हणून झालं,” ती म्हणाली. “मनातलं बोलून टाक म्हणते. मी बोलले, तर आता माझ्याशी बोलत नाही.”

मी स्टोव्ह पेटवला. तिला डाळ-बटाट्याचा पाव करून दिला, कडा कापून. तिने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. तिच्या आईला आशा वाटायला लागली. तिने विचारलं, “हे खाऊन बरं झालं का तुम्हाला?”

“नाही,” मी म्हटलं. “बरं गोळ्यांनी झालं. हे खाऊन मी उपाशी राहिलो नाही, एवढंच.”

ज्योतीने पाव खाली ठेवला. “काका, वर्गात काय करू? सर मध्ये उठू देत नाहीत. विचारावं लागतं. सगळे बघतात. मी दोन आठवडे कॉलेजला गेलेच नाही.”

तिच्या आईने मान खाली घातली. मला साकीनाका आठवला, पण ते तिला सांगून काय उपयोग? मी म्हटलं, “दारापाशी बसायचं. आणि विचारायचं नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे उठायचं. जायचं. परत यायचं, बसायचं. सरांना तुझे बाबा एकदा जाऊन सांगतील, पण ते सांगायच्या आधीही तू उठायचं. ज्याला बघायचंय तो बघेल.”

ती विचार करत बसली. तिची आई मला पथ्याबद्दल विचारायला लागली, भात किती, डाळ किती, ब्रेड कुठला. मी सांगत होतो. तेवढ्यात ज्योती उठली. दारातली बादली उचलली आणि गॅलरीतून सरळ टोकाकडे चालायला लागली. कदमवहिनी आपल्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली.

“अगं, विचारून तरी...” तिची आई अर्धवट उठली.

मी म्हटलं, “जाऊ दे तिला.”

तिचा पाव गार होऊन मऊ पडला होता. मी तो बाजूला काढला आणि तव्यावर दुसरा स्लाइस टाकला.